उसात रुतलेला पॅटन: सोडून दिलेला रणगाडा डायोरामात खरा वाटावा म्हणून काय काय करायचं

डायोरामात, म्हणजे छोट्या मॉडेलनं उभ्या केलेल्या देखाव्यात, सोडून दिलेला रणगाडा करायचा म्हटलं की बरेच जण पहिल्यांदा गंजाच्या रंगाची बाटली उघडतात आणि तिथंच घोळ सुरू होतो. हात चांगला असतो, रंगकाम सुंदर असतं, पण बघणाऱ्याला कळतच नाही की गाडी काल सोडलीय की वीस वर्षांपूर्वी, कारण ट्रॅकवर (चाकांवरच्या साखळीपट्ट्यावर) एका रात्रीचा गंज, टरेटवर (वरच्या फिरत्या बुरुजावर) दहा वर्षांचा गंज आणि शेजारी पडलेलं ब्लँकेट मात्र कोरं करकरीत. म्हणून ब्रश हातात घ्यायच्या आधी एका कागदावर दोनच गोष्टी लिहा. क्रू गाडी सोडून का गेला, आणि त्याला जाऊन किती वेळ झाला. ही दोन उत्तरं पक्की असली की पुढचा प्रत्येक निर्णय, म्हणजे कुठलं हॅच (आत-बाहेर करायचं झाकण) उघडं, चिखल ओला का वाळलेला, गंज केशरी का काळपट, हे सगळं आपोआप ठरत जातं, आणि ती नसली तर कितीही महागडे पिगमेंट (रंगाच्या कोरड्या भुकट्या) आणलेत तरी फरक पडणार नाही.

मी इथं एकच प्रसंग धरून सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. १९६५ चं युद्ध, खेमकरणजवळचं असल उत्तर, ८ ते १० सप्टेंबर. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे घेऊन आत घुसली, आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरकून घोड्याच्या नालासारखी फळी धरली, शेतांत पाणी सोडलं, आणि पंचेचाळीस टनांच्या आसपासचे पॅटन उसात आणि चिखलात अडकून बसले. काही फुटले, काही जळले, पण बरेच अगदी धडधाकट अवस्थेत क्रू सोडून गेल्यामुळे हाती लागले, आणि नंतर भिखीविंडला ओळीनं उभे केले तेव्हा त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणायला लागले. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिमी आरसीएल (रिकॉइललेस, म्हणजे धक्का न देणाऱ्या) गननं पॅटन उडवले आणि १० तारखेला ते तिथंच शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तर आपला प्रसंग असा: ११ सप्टेंबरची सकाळ, एक एम-४७ पॅटन उसाच्या फडाच्या कडेला पोटापर्यंत रुतलाय, रात्रीत क्रू पायी निघून गेलाय. आग नाही, स्फोट नाही. म्हणजे गाडी सोडून जेमतेम दहाबारा तास झालेत.

आता बघा, एवढ्या एका वाक्यानं किती गोष्टी बाद झाल्या. टरेटवरून खाली ओघळलेल्या गंजाच्या रेघा बाद. उडालेला रंग बाद. ट्रॅकमधून उगवलेलं गवत बाद. दहाबारा तासांत ओल्या जागी फक्त घासून चकचकीत झालेल्या उघड्या पोलादावर पातळ केशरी गंज चढतो, म्हणजे स्प्रॉकेटचे (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात, ट्रॅकचे मधले गाइड आणि कडेचे कनेक्टर, बस. रंगाखालचं पोलाद वर्षानुवर्षं तसंच राहतं.

हाच रणगाडा तुम्हाला महिन्यादोन महिन्यांनंतरचा दाखवायचा असेल तर चिखल पांढरट वाळून भेगाळलेला, ट्रॅकचा गंज केशरीवरून तपकिरी झालेला, आणि मुख्य म्हणजे गाडी रिकामी केलेली. मशीनगन, रेडिओ, पेरिस्कोप, अवजारं, टो केबल, ताडपत्री, जे काढता येतं ते सगळं गेलेलं असतं, राहतात ती नुसती बिजागऱ्या, ब्रॅकेट आणि पट्टे. दहावीस वर्षांनंतरचा असेल तर आडव्या भागांवरचा रंग उन्हानं फिका आणि खडूसारखा भुरकट होतो, बोल्टांखालून गंजाचे ओघळ येतात, रबर तडकतं, खालच्या कोपऱ्यांत माती साचून त्यात झाडोरा येतो. आणि जळालेला रणगाडा हे तर वेगळंच प्रकरण आहे, तिथं रंग जळून गेल्यामुळे उघडं पोलाद दोनतीन दिवसांत भडक केशरी होतं, रोड व्हीलचं रबर जळून जातं म्हणून ट्रॅक सैल पडतो, आणि आगीनं टॉर्शन बारचा, म्हणजे चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी कांबींचा, ताव उतरला की आख्खी गाडी खाली बसते. जळालेला रणगाडा ताठ सस्पेन्शनवर उभा केलेला दिसला की मला लगेच खटकतं, कारण तेवढ्या एका गोष्टीनं सगळी गोष्ट खोटी पडते.

किटचं

१/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाच्या मापात, एम-४७ टाकोम आणि इटालेरी या कंपन्यांचा मिळतो. एम-४८, म्हणजे पॅटनचाच पुढचा प्रकार, करायचा असेल तर टामियाचा जुना एम-४८ए३ स्वस्तात मिळतो म्हणून घ्यायचा मोह होईल पण तो व्हिएतनामवाला डिझेल इंजिनचा आहे, इंजिन डेक वेगळा दिसतो, १९६५ च्या पाकिस्तानी गाडीसाठी तो चालणार नाही, ड्रॅगनचा एम-४८ए१ जास्त जवळचा. एम-४७ ओळखायची सोपी खूण म्हणजे सहा रोड व्हील, वर तीन रिटर्न रोलर, आणि शेवटच्या रोड व्हील आणि स्प्रॉकेटच्या मधे एक छोटं चाक.

आणि महाराष्ट्रात राहत असाल तर नगरचं, म्हणजे आता अहिल्यानगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम बघायला जाच. आर्मर्ड कोअर सेंटरनं १९९४ मध्ये सुरू केलेलं आहे आणि पॅटन तिथं समोर उभा बघायला मिळतो. टरेटच्या ओतीव पोलादाचा खरबरीतपणा, वेल्डच्या जाड रेघा, ट्रॅकची रुंदी हे फोटोत कधीच नीट कळत नाही, शेजारी उभं राहिल्यावर कळतं. फक्त एक लक्षात ठेवा, म्युझियमातल्या किंवा चौकातल्या रणगाड्यावर वर्षानुवर्षं रंगाचे हात मारलेले असतात, त्यामुळे आकार तिथून घ्या, रंग आणि वेदरिंग (ऊनपावसाच्या आणि वापराच्या खुणा) तिथून उचलू नका.

जोडणी करतानाच गाडी सोडायची

सोडून दिल्याची अर्धी खूण जोडणीतच येते, रंगात नाही. पहिली गोष्ट सस्पेन्शन. किटमध्ये सगळे स्विंग आर्म एका रेषेत बसतात कारण त्यांना खाचा दिलेल्या असतात. त्या खाचांत बसणारा छोटा टॅब कापून टाका आणि प्रत्येक आर्म जमिनीप्रमाणे वरखाली करून चिकटवा. रुतलेल्या गाडीत एक बाजू जास्त खचलेली असते, त्या बाजूची चाकं वर दाबली गेलेली, दुसऱ्या बाजूची एकदोन खाली लोंबलेली. त्यासाठी आधी बेसचा उंचसखलपणा साधारण ठरवून ठेवावा लागतो, म्हणून मी बेसचा कच्चा आकार गाडीच्या आधी करतो.

ट्रॅक शक्यतो सुट्ट्या लिंकचे घ्या. इथं हल (गाडीचं खालचं धड) पोटापर्यंत रुतल्यामुळे खालचा पट्टा दिसणारच नाही, पण रोलरांच्या मधला वरचा झोल दिसतो आणि वजनाचा भास तिथूनच येतो. क्रूनं बाहेर पडायचा बराच प्रयत्न केला असणार, ड्राइव्ह मागच्या स्प्रॉकेटला आहे, म्हणजे ट्रॅक जागच्या जागी फिरत राहिला आणि मागचा भाग खोल गेला. म्हणून नाक थोडं वर, शेपूट खाली. एवढा कल दिला की गाडी चालत नाहीये, अडकलीये, हे लांबूनही कळतं.

हॅच सगळी उघडी. घाईत बाहेर पडलेला माणूस झाकण लावत बसत नाही. एम-४७ मध्ये पाच जण असतात, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी हल मशीनगनवाला पण असतो, म्हणजे पुढची दोन्ही हॅच उघडी. तोफेची नळी ड्रायव्हरच्या हॅचवर खाली आलेली ठेवू नका, हॅच उघडायला जागा राहील अशा बेतानं टरेट थोडं वळवा, आणि कुणीकडे वळवायचं ते शत्रू शेवटी कुठून आला त्यावरून ठरवा. हॅच उघडं ठेवलं की आतलं दिसतं, त्यामुळे आत निदान पांढुरका रंग, एक सीट, तोफेचा ब्रीच आणि दोनचार वायरी हव्यात. आख्खं इंटिरिअर करायची गरज नाही, भोकातून जेवढा उजेड जातो तेवढंच दिसतं, बाकी काळोख सांभाळून घेतो.

टरेट ओतीव आहे तर गुळगुळीत ठेवू नका, मिस्टर सर्फेसर (दाट प्रायमर) जुन्या राठ ब्रशनं ठोकत ठोकत लावा आणि वाळल्यावर हलकं पॉलिश पेपर मारा. हल मात्र ओतीव भाग आणि सपाट पत्रे वेल्ड करून जोडलेलं आहे, त्या सपाट पत्र्यांवर हे करायचं नाही.

रंग

बेस कोट म्हणून ऑलिव्ह ड्रॅब, टामियाचा एक्सएफ-६२ चालतो, थोडा पिवळट करून घ्या कारण लहान मॉडेलवर तो फारच काळपट दिसतो. वरच्या आडव्या पृष्ठभागांना एक टोन फिकट, खालच्या भागाला गडद. पावसाळ्यात मुंबई-कोकणात एअरब्रश करत असाल तर लॅकर थिनरनं रंगावर पांढरट धुरकट थर येतो, दमट हवेमुळे, अशा दिवशी फवारणी नकोच, कोरड्या दिवसाची वाट बघा.

चिपिंग, म्हणजे रंगाचे टवके उडालेले दाखवणं, या प्रसंगात फार थोडं लागतं. युद्ध सुरू होऊन दिवस थोडे झालेत, गाडी चालू अवस्थेतली, सांभाळलेली होती. फक्त जिथं बूट लागतात तिथं, म्हणजे हॅचच्या कडा, फेंडरची कड, चढायची जागा. आणि हिशेब लक्षात ठेवा, मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटीमीटरचा खड्डा. म्हणून स्पंजचा बारीक तुकडा, त्याच्यावरचा रंग कागदावर जवळजवळ सगळा टिपून घ्यायचा आणि मग टेकवायचा. रंग फिकट हिरवा आधी, त्याच्या आत एखाददुसरा गडद तपकिरी ठिपका. उसाच्या फडात घुसलेल्या गाडीच्या पुढच्या भागावर बारीक लांबट ओरखडे मात्र भरपूर द्या, ते फिकट हिरव्यानं, अगदी पातळ, प्रवासाच्या दिशेनं.

जुनी गाडी करणाऱ्यांसाठी हेअरस्प्रेची पद्धत सांगून ठेवतो. खाली गंजाचा रंग मारा, तो पक्का वाळू द्या, त्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन हात, वाळला की वर ऑलिव्ह ड्रॅब. टामियाचा ॲक्रिलिक पाण्यानं किंवा त्यांच्याच एक्स-२०ए नं पातळ केलेला हवा, लॅकर थिनरनं केलात तर थर इतका घट्ट बसतो की पाण्यानं निघत नाही. पंधरावीस मिनिटांनी कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं घासायला लागा, हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग तुकड्यातुकड्यानं सुटतो. मोठ्या पोपड्यांसाठी स्प्रेऐवजी ओल्या पृष्ठभागावर मिठाचे खडे टाकून रंग मारा आणि वाळल्यावर खडे खरवडा.

वॉशसाठी, म्हणजे सांध्यांत उतरणाऱ्या पातळ रंगासाठी, कॅम्लिनचे ऑइल कलर झकास चालतात, बर्न्ट अंबर आणि रॉ अंबर दोन ट्यूब पुरे. रंग आधी पुठ्ठ्यावर तासभर काढून ठेवायचा म्हणजे त्यातलं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि वाळल्यावर चमक राहत नाही. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बारीक ब्रशनं फक्त बोल्टांभोवती आणि सांध्यांत टेकवा, आख्ख्या गाडीवर फासू नका. खाली ग्लॉस वॉर्निशचा थर असला की वॉश छान पळतो. टर्पेंटाइन उघड्या प्लॅस्टिकच्या सांध्यात साठू द्यायचं नाही, ताण असलेला सांधा त्यानं तडकतो, विशेषतः वाकवून बसवलेले भाग.

गंज किती आणि कुठं

इथं आपल्या लोकांचं एक मोठं सुख आहे, ते म्हणजे गेरू. दुकानातून आणलेल्या पिगमेंटच्या बाटलीत जे असतं तेच, लोहाचं ऑक्साइड, ते आपल्याकडे कुंभाराकडे किंवा पूजेच्या दुकानात दहावीस रुपयांत मिळतं. पातळ कापडातून गाळून घ्या. थोडा सॉफ्ट पेस्टलचा केशरी खडू घासून त्यात मिसळला की ताजा गंज, बर्न्ट अंबर मिसळलं की जुना. मुलतानी माती म्हणजे तयार धूळ.

ट्रॅकला आधी गडद तपकिरी करडा रंग. मग ताज्या गंजाचं मिश्रण टर्पेंटाइनमध्ये कालवून फक्त पोलादी भागांना अगदी पातळ लावा, आणि ते वाळल्यावर बोटानं ग्रॅफाइट घासून दातांच्या टोकांना चमक परत आणा, म्हणजे चमकेवर गंज नुकताच चढायला लागलाय असं दिसतं. एम-४७ वर रबरी पॅडवाले ट्रॅकही असायचे, तुमच्या किटचे तसले असतील तर पॅड गंजत नाही, ते करडे धुळकट ठेवा. रोड व्हीलचा रबरी काठही तसाच. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांना लाल गंज येत नाही, त्यामुळे चिखलात पडलेली तोफगोळ्याची पितळी केस तपकिरी काळपट करा, गेरू लावू नका. एक्झॉस्टचा पत्रा मात्र रोज तापतो आणि निवतो, तो युद्धाच्या पहिल्या दिवशीही गंजलेलाच असतो, तिथं हात सैल सोडा.

माती आणि पाणी

माती कुठली हे फार महत्त्वाचं. आपण नगर-सोलापूरकडची काळी माती बघत वाढलेलो, किंवा कोकणातली लाल, आणि नकळत हात त्याच रंगाकडे जातो. खेमकरणची जमीन गाळाची, वाळल्यावर फिकट पिवळट तपकिरी आणि ओली झाली की मध्यम तपकिरी. काळा चिखल केलात तर तो रणगाडा सरळ आपल्याकडच्या शेतात येऊन पडतो.

बेसला एमडीएफची फळी, वर इन्सुलेशनचा फोम किंवा जाड थर्मोकोल. एम-४७ चं हल १/३५ मध्ये साधारण १८ सेंटीमीटर होतं, तोफेसकट २४ च्या आसपास, त्यामुळे ३० बाय २२ ची फळी पुरते. गाडी काठाला समांतर ठेवू नका, तिरकी ठेवा. जिथं गाडी बसणार तिथं फोम आधीच कोरून खड्डा करा.

गारा असा करायचा: टाइलच्या सांध्यात भरतात ती ग्राउट पावडर, चाळलेली गाळाची माती, फेविकॉल, पाणी, थोडा बारीक लाकडाचा भुसा आणि रंगासाठी ॲक्रिलिक. माती आधी तव्यावर चांगली भाजून घ्या, नाहीतर बुरशी आणि किडे येतात. दाटपणा श्रीखंडाइतका. बेसवर थापला की गाडीच्या खालच्या भागाला क्लिंग फिल्म गुंडाळून ती गाऱ्यात दाबा, थोडी पुढेमागे हलवा, काढून घ्या, आणि ठसा वाळू द्या. मागे दोन खोल चर हवेत, त्यांच्या कडेला ट्रॅकनं उपसलेला चिखल उभा राहिलेला, आणि चरांच्या मधे हलच्या पोटानं घासून गुळगुळीत झालेला पट्टा. हा पोटाचा पट्टा बहुतेक जण विसरतात आणि रणगाडा कसा अडकला हे सांगणारी खरी खूण तीच आहे, पोट टेकल्यावर वजन ट्रॅकवर राहत नाही आणि ट्रॅक नुसते फिरतात.

सगळं वाळल्यावर गाडी खालून स्क्रूनं पक्की करा आणि मग त्याच गाऱ्याचा पातळ केलेला भाग चाकांमध्ये, फेंडरखाली, मागच्या पत्र्यावर लावा. शिंतोडे उडवायला जुना टूथब्रश. चिखलाचे तीन टोन ठेवा, सगळ्यात वर वाळलेला फिकट, मधे ओलसर, खाली ओला चकाकता. दहाबारा तासांत उंचावरचा पातळ चिखल वाळतो आणि चाकांमधला जाड गोळा ओलाच राहतो, त्यामुळे ग्लॉस फक्त खाली आणि खाचांत. सगळीकडे ग्लॉस मारला तर वेळ परत पुसली जाते.

पाण्याला लोक लगेच इपॉक्सी रेझिन आणतात. पण सोडलेलं पाणी शेतात पसरलं की गढूळ असतं, त्याची खोली दिसतच नाही. म्हणून चरांचा तळ पाण्याच्या रंगानं, म्हणजे चहा-दुधाच्या रंगापेक्षा थोडा गडद असा, सपाट रंगवा आणि त्यावर ग्लॉस वॉर्निशचे पाचसहा थर द्या, मस्त पाणी होतं. रेझिनच वापरायचं असेल तर दोन-तीन मिलिमीटरचे थर, प्रत्येक थर पूर्ण घट्ट झाल्यावर पुढचा, जाड ओतलं तर ते तापतं आणि खालचा फोम वितळू शकतो.

ऊस

या डायोरामाचा जीव इथं आहे आणि इथं आपल्याला शिकवायची कुणाला गरज नाही, ऊस आपण बघितलेला असतो. सप्टेंबरात पंजाबातला ऊस दोन-अडीच मीटर धरा, म्हणजे १/३५ मध्ये ६ ते ७ सेंटीमीटर. दांडा २५ ते ३० मिलिमीटर जाड, म्हणजे मॉडेलवर पाऊण मिलिमीटर. खराट्याच्या हिराचं शेंड्याकडचं बारीक टोक बरोब्बर तेवढं भरतं. कांड्यांच्या गाठी दाखवायला दर तीन-चार मिलिमीटरवर फेविकॉलचा बारीक थेंब. पान पाच सेंटीमीटर रुंद आणि मीटरभर लांब धरलं तर दीड मिलिमीटर रुंद आणि तीन सेंटीमीटर लांब अशा निमुळत्या पट्ट्या, पातळ कागदाच्या, दोन्ही बाजूंनी आधीच हिरव्या रंगवून घेतलेल्या, मधे सुरीच्या बोथट बाजूनं एक शीर ओढायची म्हणजे पान वाकताना खऱ्यासारखं वाकतं. तुरा लावू नका. तुरा थंडीच्या तोंडाला येतो, सप्टेंबरात नाही, आणि शेतकऱ्याच्या घरातला माणूस बघायला आला तर पहिल्यांदा तेच सांगेल.

चांगल्या फडात एका चौरस मीटरला दहाएक ऊस असतात. म्हणजे मॉडेलवरच्या १० बाय १० सेंटीमीटरच्या तुकड्यात सव्वाशेच्या घरात दांडे लागतील. काम कंटाळवाणं आहे, पण विरळ ऊस लावला तर त्यात रणगाडा लपूच शकत नाही आणि मग आरसीएल गनवाली जीप कशी लपली असेल हेही पटत नाही. आतल्या रांगांना पानं नुसती वरच्या टोकाला लावली तरी चालतं. खालच्या बाजूला पाचट, वाळलेली तपकिरी पानं, जमिनीवरही पसरलेली. सरी पाऊण ते एक मीटरची धरली तर मॉडेलवर दोन ते पावणेतीन सेंटीमीटर.

गाडी जिथून आली तिथला ऊस तिच्या दिशेनं आडवा झालेला असणार. चिरडलेला दांडा सरळ मोडत नाही, फुटून त्याचे तंतू होतात आणि आतून पांढरट दिसतो, हिराचं टोक पकडीनं चेपलं की तसंच होतं. काही पाचट आणि दांडे स्प्रॉकेटमध्ये गुंतलेले, फेंडरखाली अडकलेले, एखाददुसरं पान तोफेच्या नळीवर. क्रूनं चाकाखाली आधार म्हणून ऊस मोडून टाकला असणारच, तर ट्रॅकच्या पुढे मोडलेल्या उसाचा एक ढीग ठेवा, सोबत गाडीवरून काढलेलं फावडं. फावड्याची गाडीवरची जागा मग रिकामी दिसली पाहिजे, पट्टे सुटून लोंबलेले.

माणसं गेली हे दिसू दे

आकृती एकही ठेवू नका. घाईच्या खुणा वस्तूंतून आणा, पण मोजक्या. उघड्या हॅचमधून बाहेर लोंबणारी हेडसेटची वायर मला सगळ्यात बोलकी वाटते, तांब्याची बारीक तार काळी करून घ्या, आणि तिच्या टोकाला क्रूचं हेल्मेट. टरेटच्या मागे अर्धवट सोडलेलं ब्लँकेटचं बोचकं, टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून. चिखलात पालथा जेरीकॅन. हलपासून बांधाकडे जाणारे बुटांचे ठसे, गारा ओला असतानाच मॉडेलच्या आकृतीचे पाय टेकवून, आणि पाचजणांचे असतील तर सगळे एकाच वाटेनं नकोत. मशीनगन या वेळेला गाडीवरच ठेवायला हरकत नाही, अजून कुणी येऊन काढून नेलेली नाही.

मार लागलेला दाखवायचा असेल तर १०६ मिमीच्या हीट गोळ्याचं (चिलखत भेदणाऱ्या स्फोटक गोळ्याचं) भोक लहान असतं, मॉडेलवर मिलिमीटर-दीड मिलिमीटर, त्याच्याभोवती बाहेर फाकणारे बारीक ओरखडे आणि रंग करपलेलं वर्तुळ. भोकाच्या कडेचं उघडं पोलाद तेवढं केशरी करा. एवढ्याशा भोकासाठी मोठ्ठं भगदाड पाडू नका.

शेवटचे हात

पिगमेंट लावायच्या आधी सगळ्या गाडीला मॅट वॉर्निश, कोरडं पिगमेंट त्यावरच धरतं. नंतर वर वॉर्निश मारलं की अर्धी धूळ गायब होते आणि उरलेली काळवंडते, म्हणून ओली चमक देणारा ग्लॉस सगळ्यात शेवटी आणि ब्रशनंच. मग गाडीच्या उंचीवर डोळे आणून, म्हणजे उसात उभ्या माणसाला दिसेल तिथून, चारी बाजूंनी फोटो काढून बघा. फोटोत चकाकणारी नको ती जागा, न रंगवलेलं प्लॅस्टिक, जमिनीवर तरंगणारं एखादं चाक हे लगेच सापडतं. तरंगणारं चाक दिसलं तर खाली गारा भरून घ्या.

आणि पावसाळ्यात जपायचं असेल तर कागदाच्या पानांना आणि पाचटाला आतूनबाहेरून मॅट वॉर्निशचा एक हात द्या, सगळं पूर्ण वाळल्यावर ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि त्या पुड्या दर पावसाळ्याच्या आधी बदला.